रोज एक टक्का : यशाची पुस्तके आणि सोलापूरचे वाचक

पुस्तकांच्या दुकानात 'व्यक्तिमत्त्व विकास' या नावाची एक फळी हमखास असते. तिच्याविषयी साहित्यिक वर्तुळात दोनच मते ऐकू येतात. ही पुस्तके म्हणजे वाङ्मय नव्हे, सबब त्यांची चर्चा नको, हे एक. लोक निदान काहीतरी वाचताहेत ना, मग वाचू द्या, हे दुसरे. दोन्ही मते मांडताना वाचकाला कोणी विचारलेले नसते. माणसे या पुस्तकांचे करतात तरी काय, या कुतूहलापोटी मी वर्षभर सोलापुरातल्या वाचकांशी बोलत राहिलो. त्यांत अभ्यासिकांत बसणारी मुले होती, यंत्रमागाचे छोटे मालक होते, विडी कामगारांच्या शिकणाऱ्या मुली होत्या, गिरणीतले जुने कारकून होते. आकडे मांडावेत अशी ही पाहणी नव्हे. पण एक गोष्ट लक्षात आली. एकच वाचक एकाच पुस्तकावर खूश असतो आणि चिडलेलाही असतो, आणि दोन्ही वेळा त्याच्या म्हणण्यात तथ्य असते.

उपदेशाचे वावडे मराठी वाचकाला कधीच नव्हते. 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकात एका समासात करंट्याची लक्षणे येतात आणि लगेच पुढच्या समासात सदेवाची, म्हणजे भाग्यवंताची. 1920 साली किर्लोस्करवाडीहून निघालेल्या 'किर्लोस्कर खबर'ने, म्हणजे पुढच्या 'किर्लोस्कर' मासिकाने, उद्यमशीलतेचा आणि स्वावलंबनाचा पाठ मध्यमवर्गाच्या घरात नेला. आजची अनुवादित पुस्तके याच सवयीवर उभी आहेत. फरक इतकाच, की त्यांत संप्रदाय नाही, गाव नाही, शेजारी नाही. वाचक एकटा आहे आणि त्याचे ध्येय त्याच्यासमोर आहे.

जेम्स क्लिअर यांच्या 'अ‍ॅटॉमिक हॅबिट्स' या 2018 च्या पुस्तकाचे उदाहरण घेऊ. रोज एक टक्का सुधारणा केली तर वर्षाअखेर माणूस 37 पटींनी पुढे जातो, हा त्यातला गाजलेला हिशोब. विडी वळणाऱ्या एका बाईंच्या मुलीने तो आईला वाचून दाखवला. विडीची मजुरी हजारावर मिळते. आज हजार विड्या, उद्या दहा जास्त, असे करत गेले तर वर्षाने दिवसाला 37 हजार विड्या व्हायला हव्यात. आई हसली आणि म्हणाली, "त्या साहेबाला म्हणावं, हात दोनच असतात." चक्रवाढ व्याज बँकेतल्या रकमेला लागते, बोटांना लागत नाही. पण याच मुलीने त्याच पुस्तकातली दुसरी युक्ती उचलली होती. जुन्या सवयीला नवी सवय जोडायची. संध्याकाळी विड्या मोजून झाल्या, की जागेवरून न उठता वही उघडायची. ती म्हणाली, या एका गोष्टीसाठी पुस्तकाचे पैसे वसूल झाले.

दुसरे उदाहरण रॉबर्ट कियोसाकींच्या 'रिच डॅड पुअर डॅड'चे. आपण राहतो ते घर ही मालमत्ता नसून देणे आहे, कारण ते खिशातून पैसे काढते, असे हे पुस्तक सांगते. टॉवेलचे चार माग चालवणाऱ्या एका गृहस्थांना हे वाक्य उपयोगी पडले. कर्ज काढून बंगला बांधण्याचा बेत त्यांनी पुढे ढकलला. आता हेच वाक्य कुंभारीत नेऊन पाहा. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने तिथे विडी कामगार स्त्रियांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. 2006 साली दहा हजार घरांचे लोकार्पण झाले. पुढे रे नगरच्या पहिल्या टप्प्यातली 15 हजार घरे 19 जानेवारी 2024 रोजी असंघटित कामगारांना मिळाली. तेंदूपाने आणि तंबाखू घरी आणून विड्या वळणाऱ्या बाईला घर हाच कारखाना असतो. पावसात पाने भिजली नाहीत तर मजुरी टिकते. तिच्या हिशोबात घर खिशातून पैसे काढत नाही, खिशात घालते. शिवाय ही घरे एकेकटीच्या सवयी बदलून झालेली नाहीत. संघटना, मोर्चे, सरकारी अनुदान आणि कामगारांचा स्वतःचा हिस्सा, हे सारे त्यात आहे.

सर्वांत तीव्र नाराजी मला एका निवृत्त कारकुनांकडून ऐकायला मिळाली. आपल्या मनात जे विचार असतात तेच आयुष्यात खेचले जाते, असे सांगणारे 'द सीक्रेट' मुलाने त्यांना भेट दिले होते. त्यांनी विचारले, "गिरणी बंद पडली ती काय माझ्या नकारात्मक विचारांनी?" या प्रश्नाला त्या पुस्तकात उत्तर नाही. यश सर्वस्वी तुमच्या हातात आहे असे एकदा म्हटले, की अपयशही सर्वस्वी तुमचेच ठरते. उमेद देणारे वाक्य उलटून दोषारोप होते ते इथे.

या प्रकाराला नाव देणाऱ्या पुस्तकाचा इतिहास म्हणूनच आठवावासा वाटतो. सॅम्युअल स्माइल्सचे 'सेल्फ-हेल्प' 1859 साली निघाले. त्याचे मूळ 1840 च्या दशकात लीड्स या इंग्लंडमधल्या गिरणगावात दिलेल्या व्याख्यानांत आहे. तिथले काही तरुण कामगार संध्याकाळी जमून एकमेकांना शिकवत. ज्याला थोडे येई तो ज्याला कमी येई त्याला सांगे. संख्या वाढली तेव्हा त्यांनी एक मोठी खोली भाड्याने घेतली. पूर्वी तिथे पटकीच्या रुग्णांची सोय केलेली असल्याने ती कोणी घेत नव्हते. या मंडळींनी स्माइल्सला बोलायला बोलावले. पुढे पुस्तकाच्या नावावरून लोक त्याला स्वार्थाची स्तुती समजू लागले, तेव्हा 1866 च्या आवृत्तीत स्माइल्सने हे नाव दुर्दैवी ठरल्याची कबुली दिली. स्वतःला मदत करा असे सांगणारे पुस्तक परस्परांना मदत करणाऱ्यांच्या खोलीत जन्मले, ही गोष्ट त्याच्या वंशजांनी मात्र विसरून टाकली.

सोलापुरातल्या वाचकांची प्रतिक्रिया संमिश्र आहे ती याच ठिकाणी. पुस्तक वाईट की चांगले, हा त्यांचा वाद नाही. पहाटे उठणे, वही उघडणे, उधळपट्टी टाळणे हे एकट्याच्या हातातले आहे आणि तिथे ही पुस्तके खरोखर कामाला येतात. मजुरीचा दर, बंद गिरणी, डोक्यावरचे छप्पर हे एकट्याच्या हातातले नाही आणि तिथे ती गप्प बसतात किंवा वाचकालाच दोषी ठरवतात. ही सीमारेषा पुस्तकात आखलेली नसते. अनुभवी वाचक ती स्वतः आखतो. अडचण होते ती विशीतल्या, परीक्षेत दोनतीनदा नापास झालेल्या मुलाची. त्याला ती रेषा दाखवणारे कोणी जवळ नसते आणि प्रत्येक अपयश तो स्वतःच्या नावावर लिहीत जातो.

वाचनालयांनी ही पुस्तके कपाटातून काढून टाकण्याची गरज नाही आणि समीक्षकांनी नाक मुरडण्याचीही नाही. महिन्यातून एखादी संध्याकाळ अभ्यासिकेतल्या मुलांनी, मागवाल्यांनी आणि विडी वळणाऱ्या बायांनी यांतले एखादे पुस्तक एकत्र वाचावे. कोणता सल्ला कोणाच्या कामाला लागू पडतो आणि कोणता नाही, हे त्यांनी मोठ्याने बोलावे. सदतीस हजार विड्यांवर हसणारी एक बाई त्या बैठकीत असली, तर त्या मुलाला पुस्तकाइतकाच तिचाही उपयोग होईल.