दोन कॅसेटी आणि चार मिनिटं

सोनीने घरी लिहायच्या कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केलं. ती बातमी पुढे सरकवत संपादकांनी विचारलं, "आपल्याकडे हे कोणी वापरत तरी होतं का हो?" प्रश्नात थोडी टिंगल होती. चंद्रपूर-गडचिरोलीत सीडीनंतर डीव्हीडी आली, तिच्यानंतर पेन ड्राइव्ह आणि मग थेट मोबाइल. मधली पायरी आपण गाळलीच, असा माझाही समज होता. पण वडशाच्या एका शूटिंगवाल्याकडे निळा रायटर आहे, असं एका नाटकवेड्या मित्राने कधीतरी सांगितलेलं आठवलं.

चांदा फोर्टहून गोंदियाची गाडी धरली. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी. मग वैनगंगेचा पूल आणि पलीकडे गडचिरोली जिल्हा. कागदोपत्री गावाचं नाव देसाईगंज, लोकांच्या तोंडी वडसा. झाडीपट्टीच्या नाटकांची ही पेठ. दिवाळी झाली की मंडया भरतात, गावोगावी नाटकं लागतात ती होळीपर्यंत. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि पहाटे लोक डोळे चोळत घरी जातात. परशुराम खुण्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांनी या रंगभूमीची दखल घेतली. वडशात मात्र मंडळांच्या कार्यालयांवर तारखा ठरवायला आलेल्यांची गर्दी त्याआधीही तेवढीच असायची.

शूटिंगवाला पन्नाशीचा. दुकान जेमतेम दहा बाय बारा. पुढे पासपोर्ट फोटोचा पडदा, मागे 'मिक्सिंग'ची खोली. पहिलं वाक्यच अटीचं. "नाव नका टाकू जी. मंडळवाल्यांले मी सांगलो होतो, पुसून टाकलो म्हून."

मंडळांची अट अशी, की शूटिंगची एक प्रत आम्हाला द्यायची आणि बाकी ठेवायचं नाही. सीडी गावात फिरली तर पुढच्या वर्षी तिकीट कोण काढेल? भीती रास्त होती. याने आपली प्रत बाहेर कधी काढली नाही, पण पुसलीही नाही. मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात २१४ डिस्क उभ्या आहेत, प्रत्येकीवर नाटकाचं नाव, गाव आणि तारीख. हे बरोबर की चूक, यावर मी दोन दिवस विचार केला आणि सोडून दिला. त्याने ठेवलं नसतं तर ते कुठेच नसतं, एवढं खरं.

मला जाणून घ्यायचं होतं ते वेगळंच. रायटर घ्यायचा कधी, हे त्याने ठरवलं कसं?

या यंत्राचा अधिकृत इतिहास थोडक्यात उरकतो. सोनीने एप्रिल २००३ मध्ये जपानात पहिला ब्लू-रे रेकॉर्डर विकायला काढला. किंमत साडेचार लाख येन. तोशिबाच्या गटाने समोर एचडी डीव्हीडी उभी केली. तिच्यात एका थरावर १५ जीबी मावत, ब्लू-रेवर २५. पण एचडी डीव्हीडीचा जुन्या डीव्हीडीच्या कारखान्यांशी मेळ बसत होता. २००६ साली दोन्ही बाजार मांडून बसले. त्याच वर्षी कॉम्प्युटरमध्ये बसणारा पायोनिअरचा ब्लू-रे रायटर आला. किंमत हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे तेव्हाच्या भावाने पंचेचाळीस हजार रुपये, आणि गंमत म्हणजे तो साधी सीडी वाचत नव्हता. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नरने ब्लू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने माघार जाहीर केली. जगभरच्या सल्लागारांचा सल्ला तोवर एकच होता: थांबा. मग म्हणाले, आता घ्या.

वडशातला हिशोब असा नव्हता. लग्नाचं बुकिंग घेताना हा मुलीच्या बापाला विचारायचा, घरी कोणता प्लेअर आहे? उत्तरं तो बुकिंगच्या वहीतच टिपायचा. वही मी पाहिली. २००६ च्या पानांवर 'सीडी', 'सीडी', 'सीडी', मधूनच 'कॅसेट'. २००८ पासून 'डीव्हीडी' वाढते. मोझर बेअरने सिनेमाची सीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ ला विकायला काढली होती, त्या काळाचा तो परिणाम. ब्लू-रे हा शब्द पूर्ण वहीत एकदाही नाही. "ज्याले द्याचा त्याच्या घरी चालाले पाह्यजे ना जी. बंडी नाही आन् बैल कायले घ्याचा?"

तज्ज्ञांचे रकानेच्या रकाने मी वाचले आहेत. कोणता गट जिंकेल, वेग किती, डिस्क स्वस्त कधी होईल. समोरच्या घरात काय आहे, हे विचारायला त्यातल्या फार थोड्यांना सुचलं.

म्हणजे त्याच्या नियमाने रायटर कधीच यायला नको होता. तो आला २०११ च्या पावसाळ्यात, आणि आला तो गिऱ्हाइकासाठी नव्हे. त्या उन्हाळ्यात त्याची हार्ड डिस्क बसली. खटक खटक असा आवाज, मग शांत. आत तीन सीझनची नाटकं होती. मूळ कॅसेटी? त्या पुढच्या लग्नांत पुन्हा वापरल्या होत्या; तेव्हा सगळेच वापरत. डीव्हीडीवर दिलेल्या प्रती होत्या, पण त्या दाबून बारीक केलेल्या. झपाट्याने हलणारं काही असलं की चौकोन चौकोन दिसतात, आणि झाडीपट्टीत झपाट्याने न हलणारं असतं काय?

मिनी डीव्हीची एक तासाची कॅसेट जशीच्या तशी कॉम्प्युटरात उतरवली तर १३ जीबीच्या घरात जाते. सहा तासांचं नाटक म्हणजे ७८ जीबी. साध्या डीव्हीडीवर ते ठेवायला सतरा डिस्क लागतात. ब्लू-रेवर चार. नागपूरहून रायटर आणला त्या रात्री त्याने आनंदाने गणित केलं, एका डिस्कवर दोन कॅसेटी. आणि रायटरने नकार दिला. २५ जीबीत ११६ मिनिटं बसतात, १२० नाही. चार मिनिटं बाहेर उरतात.

या चार मिनिटांनी त्याला दहा वर्षं छळलं. कधी तो मध्यंतरातल्या जाहिराती कापायचा, कधी पाहुण्यांचा सत्कार. "सरपंचाचा हार कापलो त काही बिघडत नाही," तो म्हणाला. नांदी मात्र कधी कापली नाही.

रायटरचा एक नादुरुस्त डबा त्याने माझ्यासमोर उघडला. आत एका दांडीवर पुढे-मागे सरकणारं, नखाएवढं भिंग. एवढ्याशा जागेत तीन किरण राहतात. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा. डीव्हीडीसाठी ६५० चा, लाल. आणि ब्लू-रेसाठी ४०५ चा, निळसर जांभळा. लहर आखूड तितकं टोक बारीक. जाड बोरूने पाटीवर चार ओळी मावतात आणि अणकुचीदार पेन्सिलीने वीस, तसंच हे. सीडीवर दोन ओळींतलं अंतर १.६ मायक्रॉन असतं, डीव्हीडीवर ०.७४, ब्लू-रेवर ०.३२. पण बारीक टोकाला जवळ यावं लागतं. म्हणून लिखाणावरचं प्लास्टिकचं पांघरूण ब्लू-रेत फक्त ०.१ मिलिमीटरचं, डीव्हीडीत ते ०.६ असतं. जरा ओरखडा आला की मजकूर गेला. जपानातल्या पहिल्या डिस्क याच धास्तीने प्लास्टिकच्या डबीत बंद असायच्या. टीडीकेने कठीण लेप शोधला तेव्हा ती डबी सुटली. भिंग तरंगतं, डिस्कच्या बारीकशा हेलकाव्याबरोबर क्षणोक्षणी वरखाली होतं, आणि तेवढ्यात लिहीतही राहतं. मी तो डबा बराच वेळ हातात धरून बसलो. शेवटी त्यानेच हळूच काढून घेतला.

लिहिताना वीज गेली तर डिस्क वाया. एकदाच लिहिता येणारी ती वस्तू, अर्धवट राहिली की कपाळावर लावायच्या लायकीची. त्या वर्षांत लोडशेडिंग होतं, आणि शेजारी चंद्रपूरला २३४० मेगावॉटचं वीजकेंद्र धूर सोडत उभं. चौपट वेगाने एक डिस्क तेवीस मिनिटांत लिहून व्हायची, पुन्हा तपासायला तितकाच वेळ. तो रात्री दोनला उठून लिहायचा, इन्व्हर्टर भरलेला आहे ना बघून.

इथवर गोष्ट गोडच होती. दुसऱ्या दिवशी त्याने कपाटाचा खालचा खण उघडला.

सुरुवातीला त्याने स्वस्तातल्या डिस्क घेतल्या होत्या. पाकिटाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'एलटीएच' लिहिलेलं. ब्लू-रेच्या मूळ लिहायच्या डिस्कमध्ये थर धातूसारखा, निरिंद्रिय. एलटीएचमध्ये सीडीसारखा सेंद्रिय रंग. २००८ च्या सुमारास त्या आल्या, कारण जुन्या सीडीच्या कारखान्यांत बनवता येत होत्या. सेंद्रिय रंगाला उजेड आणि उष्णता सोसत नाही. आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत काय होतं ते वाचकांना सांगायला नको. त्या खणातल्या ३८ डिस्कांपैकी अकरा आता उघडतच नाहीत. बाहेरून पाहाल तर नव्यासारख्या चकचकीत.

बाकीच्या चांगल्या आहेत, पण त्या वाचणार कशाने? त्याचा पहिला रायटर २०१६ मध्ये गेला. दुसरा आहे, पण त्याचं भिंग थकलंय. तीनदा ट्रे आत-बाहेर केल्यावर एकदा ओळख देतो. नव्या कॅबिनेटांना ड्राइव्ह बसवायचा खणच नसतो, लॅपटॉपमधून तर तो कधीच गेला. मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात निघाली. लेझरचे सुटे भाग नागपूरच्या सीताबर्डीतही मिळत नाहीत. त्याच्या मुलाला यातलं काही पटत नाही. तो मोबाइलवर शूट करतो, पहाटे घरी येईस्तोवर तुकडे यूट्यूबवर चढलेले असतात, आणि आता मंडळंच सांगतात, टाक म्हणून. ज्या भीतीपायी बापाने इतकी वर्षं लपवून ठेवलं, ती भीतीच गेली.

मग आता मंडळांना सांगून सगळं एकत्र का करत नाही, असं मी विचारलं. २१४ डिस्क म्हणजे पाच टीबीच्या थोडं वर. आज एका हार्ड डिस्कवर मावतील. तो हसला. काही मंडळं फुटली, काहींचे मालक वारले. परवानगी मागायची कोणाला? आणि हार्ड डिस्कचा विश्वास त्याला २०११ पासून नाही. तरी त्याने सुरुवात केली आहे, दोन हार्ड डिस्क घेऊन, दोघींवर तेच. प्रत्येक डिस्कला अर्धा तास धरला तर १०७ तास होतात. थकलेला ड्राइव्ह तेवढं चालेल का, हे तो मला विचारत होता, जसं काही मी चंद्रपूरहून उत्तर घेऊन आलो होतो.

माझं मत विचाराल तर रायटर त्याने योग्य वेळी घेतला. चूक झाली ती दुसरा घेताना तिसराही घेऊन न ठेवण्यात. झाडीपट्टीचं संशोधन करणारी विद्यापीठं आहेत, अकादम्या आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या गोदामात चालू ब्लू-रे ड्राइव्ह पडून असेल, तर तो वडशाला पाठवावा. पत्ता या मासिकाकडे आहे.

मी निघालो त्या दुपारी तिसावी डिस्क उतरून झाली होती. एकतिसावी ६४ टक्क्यांवर अडकली होती, आणि माझी गाडी आली तरी तिथेच होती.