प्रतिध्वनीची साक्ष

मुलांनो, डोंगराच्या कड्यासमोर उभे राहून तुम्ही कधी मोठ्याने हाक मारली आहे काय? आपली हाक कड्यावर आदळते आणि क्षणभराने परत ऐकू येते. हाच प्रतिध्वनी. याच प्रतिध्वनीच्या साहाय्याने आज अपघातात सापडलेल्या कित्येकांचे प्राण वाचविले जातात.

प्रौढ मनुष्याच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. हाताला किंवा पायाला जखम झाली, तर वाहणारे रक्त दिसते आणि जखम घट्ट दाबून ते थांबविता येते. परंतु वाहनाची धडक बसली किंवा कोणी उंचावरून पडले, तर कधी कधी पोटातील यकृत किंवा प्लीहा फाटते व रक्त आतल्या आत साचू लागते. वरून पाहावे, तर कातडीवर ओरखडाही नसतो! रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदय जलद धडधडू लागते आणि शरीर ही हानी काही काळ सोसते. त्यामुळे जखमी मनुष्य शुद्धीवर असतो, बोलतही असतो. पण शरीराची ही शक्ती संपताच त्याची प्रकृती एकाएकी ढासळते. म्हणून हा लपलेला रक्तस्राव वेळीच ओळखला पाहिजे.

पूर्वी त्यासाठी पोटाला लहानसा छेद देऊन आत नळी घालावी लागे. आता हे काम ध्वनी करतो. मात्र हा ध्वनी आपल्याला ऐकू येत नाही. आपल्या कानांना सेकंदाला २० पासून २०,००० पर्यंत कंपने असलेला ध्वनी ऐकू येतो. त्याहून अधिक कंपनांच्या ध्वनीला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. पोट तपासताना वापरल्या जाणाऱ्या ध्वनीची कंपने सेकंदाला २० ते ५० लाख असतात.

काही स्फटिकांवर दाब दिला असता वीज निर्माण होते, हे प्येर व झाक क्यूरी या फ्रेंच बंधूंनी १८८० साली दाखवून दिले. उलट, अशा स्फटिकाला वीज दिली की तो कंप पावतो. या गुणाचा उपयोग करून ग्लासगो येथील डॉक्टर इयन डोनाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटाच्या आतील चित्रे मिळविली आणि १९५८ साली ती प्रसिद्ध केली. यालाच आपण सोनोग्राफी म्हणतो.

जखमी रुग्ण येताच डॉक्टर त्याच्या पोटावर बुळबुळीत जेल लावतात. कारण मध्ये हवा राहिली, तर ध्वनी आत शिरत नाही. मग हातात मावेल एवढे उपकरण टेकवून ते मुख्यतः चार ठिकाणे पाहतात : यकृत व उजवे मूत्रपिंड यांच्यामधील जागा, प्लीहेभोवतालची जागा, मूत्राशयामागील जागा आणि हृदयाभोवतीचे आवरण. निजलेल्या मनुष्याच्या पोटातील रक्त अशाच सखल जागी उतरते. अवयवांकडून प्रतिध्वनी परत येतात, म्हणून ते पडद्यावर करड्या रंगाचे दिसतात. साचलेल्या पातळ रक्ताकडून प्रतिध्वनी जवळजवळ येतच नाही. तेथे काळा पट्टा दिसतो. तो काळा पट्टा म्हणजे धोक्याची खूण! ही सारी तपासणी काही मिनिटांत, रुग्णाला न हलविता होते.

परंतु रक्त थोडेच साचले असेल, तर ते पहिल्या तपासणीत दिसत नाही. म्हणून शहाणा डॉक्टर एकदा पाहून निश्चिंत होत नाही. तो रुग्णाची नाडी पाहत राहतो आणि काही वेळाने पुन्हा तपासणी करतो. रक्तस्राव वेळीच कळला, तर शस्त्रक्रियेची तयारी होते, रक्तपेढीतून रक्त येते आणि एक जीव वाचतो.