मांडीवर बसायला मनाई

अमेरिकेत थायरॉइडवरचे उपचार घेऊन मांजर घरी परततं, तेव्हा मालकाच्या हाती सूचनांचा कागदही पडतो. साधारण दोन आठवडे त्याला अंथरुणात घ्यायचं नाही, मांडीवर फार वेळ बसवायचं नाही, गरोदर बाई आणि लहान मुलांपासून लांब ठेवायचं. खरं तर मांजर आता बरं होत असतं. फक्त त्याच्या अंगातून गॅमा किरण बाहेर पडत असतात!

म्हाताऱ्या मांजरांची थायरॉइड ग्रंथी कधीकधी बेफाम होते. मांजर खा-खा खातं आणि तरीही वाळत जातं. न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी १९७९ मध्ये हा आजार पहिल्यांदा मांडला. त्यावरचा एक उपचार म्हणजे कातडीखाली आयोडीन-१३१ चं एकच इंजेक्शन. संप्रेरक बनवायला थायरॉइडला आयोडीन लागतंच. ते साधं की किरणोत्सारी, हे तिला ओळखता येत नाही. बिघडलेल्या पेशी ते अधाशासारखं ओढून घेतात. निरोगी पेशी मात्र बचावतात, कारण रक्तात संप्रेरकाचा पूर आल्यामुळे पिट्युटरी ग्रंथीने त्यांना कामाला लावणंच सोडलेलं असतं. औषधाला आपला पत्ता आजारच देतो, याचं मला फार नवल वाटतं. आयोडीनमधून सुटणारे बीटा कण जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातात आणि तेवढ्यात काम उरकतात. शंभरातली पंचाण्णवच्या आसपास मांजरं एका सुईत बरी होतात.

गॅमा किरणांना असली मर्यादा नाही. ते मांजराच्या अंगातून आरपार निघून मालकापर्यंत पोहोचतात. म्हणून सुरुवातीचे काही दिवस मांजर दवाखान्यातच राहतं आणि मीटरवरचा आकडा उतरला की घरी येतं. उरलेला मारा थोडाच असतो. पण टाळता येतो तो टाळायचा, एवढंच. अंतर दुप्पट केलं की तो साधारण पावपट होतो. मांडीऐवजी शेजारची खुर्चीही पुष्कळ फरक पाडते.

खरी गंमत मांजराच्या शी-शूच्या वाळूत आहे. बरंचसं आयोडीन लघवीवाटे बाहेर पडतं, आणि तिथल्या अनेक कचरा डेपोंच्या फाटकावर किरणोत्सार टिपणारी यंत्रं बसवलेली असतात. एका मांजराच्या वाळूपायी अख्खा ट्रक अडू शकतो! म्हणून कित्येक दवाखाने ती वाळू पिशवीत बांधून सुमारे ऐंशी दिवस गॅरेजमध्ये ठेवायला सांगतात. दर आठ दिवसांनी आयोडीन निम्मं होतं. दहा वेळा निम्मं झालं की हजारावा भागही उरत नाही. बाकीच्याचा झेनॉन झालेला असतो, आणि पिशवी नेहमीच्या कचऱ्यात टाकता येते.