शस्त्र परवाना मिळाला तर रिव्हॉल्व्हर घ्यावे की पिस्तूल?

गावात अत्याचाराची घटना घडली की मोर्चा निघतो, तहसीलवर निवेदन जाते आणि त्या निवेदनात एक मागणी हमखास असते : पीडित कुटुंबाला शस्त्र परवाना द्या. या मागणीला कायद्याचा आधार आहे. अनुसूचित जाती-जमाती (अत्याचार प्रतिबंध) नियम, १९९५ मधील नियम ३ प्रमाणे, अत्याचाराची शक्यता असलेल्या भागात प्रशासनाला गरजेनुसार तीन पावले उचलता येतात : सवर्ण व इतर बिगर अनुसूचित लोकांचे परवाने रद्द करून शस्त्रे सरकारजमा करणे, बेकायदा शस्त्रे जप्त करणे आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना परवाने देणे. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतून बौद्ध झालेले लोकही यात येतात.

आपली निवेदने बहुतेक वेळा तिसऱ्या पावलापासून सुरू होतात. खरे तर हल्लेखोराच्या घरातली बंदूक काढून घेणे हे आपल्या घरात बंदूक आणण्यापेक्षा जास्त सुरक्षित आहे. म्हणून निवेदनात पहिली दोन पावले आधी लिहा.

तरीही धोका खरा असेल आणि परवाना मागायचाच असेल, तर अर्जात शस्त्राचा प्रकार लिहावा लागतो. त्यामुळे कोणते शस्त्र हवे, याचा विचार अर्ज भरण्याआधीच झाला पाहिजे.

दोघांत फरक काय?

रिव्हॉल्व्हरमध्ये एक फिरते सिलिंडर असते आणि त्यात साधारण सहा काडतुसे बसतात. ट्रिगर दाबला की सिलिंडर फिरते, पुढचे काडतूस नळीसमोर येते आणि गोळी सुटते. एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा ट्रिगर दाबायचा, पुढचे काडतूस समोर येते. शस्त्र भरलेले आहे की रिकामे, हे सिलिंडर उघडून डोळ्यांनी पाहता येते. तोटे दोन आहेत. ट्रिगर जड असल्याने सराव नसेल तर नेम हलतो आणि काडतुसे पुन्हा भरायला वेळ लागतो.

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात काडतुसे मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात. गोळी सुटल्यावर तिच्याच धक्क्याने वरची स्लाइड मागे जाते, रिकामे केस बाहेर फेकते आणि नवे काडतूस नळीत ढकलते. एकदा ट्रिगर दाबला की एकच गोळी सुटते. पिस्तूल चपटे असल्याने जवळ बाळगायला सोपे असते आणि मॅगझिन बदलणेही झटपट होते. पण मूठ ढिली पडली, काडतूस खराब असले किंवा आत धूळ गेली तर ते अडकते. घाबरलेल्या अवस्थेत अडकलेले पिस्तूल मोकळे करायला हाताला सवय लागते.

पिस्तुलाचा सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असा समज असतो. नळीत एक काडतूस राहिलेले असू शकते आणि ते घरातल्याच कुणाचा जीव घेऊ शकते.

बाजारात काय मिळते?

९ एमएम हा निषिद्ध बोअर आहे, सामान्य नागरिकाला तो मिळत नाही. आपल्याकडे सर्वसाधारणपणे .३२ बोअरची शस्त्रे मिळतात. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये ‘निर्भीक’ हे सुमारे अर्धा किलो वजनाचे .३२ रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून आणले. त्याची किंमत लाखाच्या वर होती. शेतमजुराच्या कुटुंबाने हा आकडा आधीच लक्षात घ्यावा. आणखी एक गोष्ट : रिव्हॉल्व्हरचे .३२ काडतूस आणि पिस्तुलाचे .३२ काडतूस वेगवेगळे असते. नाव सारखे म्हणून एकाचे दुसऱ्यात भरू नका.

मग निवड कशी करायची?

- वर्षातून मोजक्या वेळा सराव होणार असेल आणि शस्त्र मुख्यतः घरीच राहणार असेल, तर रिव्हॉल्व्हर घ्या. त्यात लक्षात ठेवण्यासारख्या गोष्टी कमी आहेत.
- धमक्या असतानाही सतत फिरावे लागते आणि नियमित सराव शक्य आहे, अशा कार्यकर्त्याने पिस्तुलाचा विचार करावा.
- सराव करणे आणि कुलूपबंद ठेवणे, यांपैकी एकही जमणार नसेल तर दोन्ही नकोत.

अर्जदाराचे वय किमान २१ असावे लागते. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे सुरक्षा प्रशिक्षण आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. अर्ज नाकारला तर कारणे लेखी मागा आणि अपील करा. परवाना रखडला म्हणून गावठी कट्टा घेण्याचा विचार मात्र मनात आणू नका. तो हातातच फुटू शकतो आणि विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास किमान दोन वर्षांची कैद आहे. मग मूळ अत्याचाराचा खटला बाजूला पडतो आणि आरोपीच्या पिंजऱ्यात आपला पोरगा उभा राहतो.

शस्त्राची मर्यादा

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क आहे. पण पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर तो हक्क लागू होत नाही आणि बचावासाठी गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापतीची, बलात्काराची, अ‍ॅसिड हल्ल्याची रास्त भीती असणे, अशा कायद्याने ठरवून दिलेल्या प्रसंगीच हा हक्क हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत जातो. गोळी बचावासाठीच झाडली, हे न्यायालयात आपल्यालाच दाखवावे लागते.

खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबावर जमाव चालून आला होता. जमावापुढे सहा गोळ्या किती पुरतील? अशा वेळी धमकी येताच केलेली लेखी तक्रार, तिची पोच, वस्तीतील पोरांचा फोनचा साखळी संपर्क आणि शेजारच्या गावातले कार्यकर्ते जास्त उपयोगी पडतात. शस्त्र घेतले तरी ही तयारी लागतेच.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये बाबासाहेबांनी हत्येची इच्छा आणि हत्येची गरज यांत फरक केला आहे. स्वसंरक्षणासाठी कायद्याने घेतलेले शस्त्र गरजेत मोडते. जयंतीच्या मिरवणुकीत बार काढणे, रीलमध्ये पिस्तूल मिरवणे गरजेत मोडत नाही. आनंदोत्सवात गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

तेव्हा तरुणांनो, निवेदन लिहायला बसाल तेव्हा नियम ३ पूर्ण लिहा आणि अर्ज भरताना आपल्या हाताला जे पेलेल तेच लिहा.

जय भीम! नमो बुद्धाय!