नदीचा आकडा काढणारी पोरं

महाराष्ट्रात पदवी घेतलेल्या बहुतेकांनी पर्यावरणाचा सक्तीचा पेपर दिलेला असतो. आदल्या रात्री गाईड चाळायचं, ओझोनच्या थरावर चार ओळी खरडायच्या, प्रकल्पाची वही कुणाची तरी उतरवायची, की झालं. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, त्यातून पुढे हा पेपर आला. हेतू चांगलाच होता. पण त्यामुळे पर्यावरणशास्त्रात एम. एस्सी. करणारी मुलंही तेच, जरा विस्ताराने, शिकत असणार असा समज पसरला. झाडं लावणं आणि घोषणा लिहिणं यासाठी दोन वर्षं घालवायची कशाला, असं मग आईवडिलांना वाटलं तर नवल नाही. माझ्या मते या अभ्यासक्रमाचा खरा कणा मोजमाप आहे, आणि त्यातल्या नोकऱ्यांचं मूळ कायद्यात आहे. निसर्गाचं प्रेम असेल तर उत्तमच; पण त्यावर गुण मिळत नाहीत आणि पगारही मिळत नाही.

कोल्हापूरचंच बघा. तिथल्या शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे आणि शहराला लागून पंचगंगा वाहते. प्रयाग चिखलीच्या संगमापासून नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळेपर्यंत तिच्यात शहराचं सांडपाणी येतं, साखर कारखान्यांचं येतं, इचलकरंजीच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेस युनिटांचं येतं. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ पसरून माणसं दगावली. अशा नदीवर शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस घाटावर बाटल्या भरण्यात जातो. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू किती प्राणवायू खातात ते काढायचं, तर ३०० मिलिलिटरची काचेची बाटली काठोकाठ भरावी लागते. आत बुडबुडा राहिला तर बाहेरचा प्राणवायू मिसळून आकडा बिघडतो. मग बाटली २७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये तीन दिवस ठेवायची, आणि शेवटी ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत निळा रंग नेमका कुठल्या थेंबाला गेला ते बघायचं. घाईने दोन थेंब जास्त पडले तर नदी कागदावर वेगळीच होऊन बसते. नदीत सोडायच्या सांडपाण्याला बीओडीची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. कारखाना नियमात बसतो की नाही, हा लाखोंचा प्रश्न अखेर त्या थेंबांवर येऊन ठरतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो: थोडं रसायनशास्त्र, थोडं जीवशास्त्र, थोडा भूगोल, थोडा कायदा, म्हणजे धड एकही नाही. अर्धा आक्षेप खरा आहे. निव्वळ रसायनशास्त्रात हा विद्यार्थी रसायनवाल्यापुढे टिकणार नाही. पण नदीचे प्रश्न विद्यापीठाच्या इमारतींप्रमाणे वेगवेगळ्या विभागांत वाटलेले नसतात. १९७४ च्या जल कायद्यात नमुना घेण्याची रीतच बांधून दिली आहे: कारखान्याला तिथल्या तिथे नोटीस, नमुन्याचे दोन भाग, दोन्हींवर सील आणि सह्या. ही रीत चुकली तर प्रयोगशाळेतलं पृथक्करण कितीही अचूक असो, कोर्टात ते पुरावा म्हणून चालत नाही. बाटली आणि कलम दोन्ही कळणारा माणूस लागतो तो इथे. विद्यार्थ्याने घाटावर भरलेली बाटली अर्थातच कोर्टात चालणार नाही; पण वर्षानुवर्षं एकाच जागी घेतलेल्या नोंदी अधिकाऱ्याने कुठे आणि कधी जावं हे सांगू शकतात.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. नोकऱ्या आहेत म्हणता, पण कसल्या? प्रदूषण नियंत्रण मंडळाची भरती क्वचित निघते. नागपूरच्या नीरीसारख्या पर्यावरण संशोधन संस्थांत जागा मोजक्या. उरतात कारखान्यांचे ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे प्रकल्प, खासगी प्रयोगशाळा आणि सल्लागार कंपन्या. केंद्र सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांचा अहवाल द्यावा लागतो, आणि त्या अहवालाचे पैसे प्रकल्पवालाच मोजतो. ज्याचं खायचं त्याच्याविरुद्ध लिहायचं, ही अपेक्षा पंचविशीतल्या मुलाकडून करणं सोपं नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात तर रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर जसाच्या तसा सापडला होता. तेव्हा हा व्यवसाय सोवळा आहे असं कुणी सांगू नये. पण असली उचलेगिरी पकडायलाही अहवाल ओळीने वाचणारं कुणीतरी लागतं. जनसुनावणीआधी त्याचा मराठी सारांश गावाला मिळतो; त्यातला धुळीचा आकडा पावसाळ्यातला आहे की उन्हाळ्यातला, हे विचारणारी गावची मुलगी सभेचा रंग बदलू शकते. त्यात आता शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने आघाडीच्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून पाणी, ऊर्जा, कचरा यांचा हिशेब जाहीर करायला लावला आहे. तो हिशेब मांडणं आणि तपासणं हे नवं काम आहे, आणि त्यात पैसा ईटीपीवरच्या नोकरीपेक्षा बरा मिळू शकतो.

म्हणून प्रवेश घेताना माहितीपत्रकातल्या हिरव्या फोटोंवर जाऊ नये. प्रयोगशाळेत डोकावून इनक्युबेटर चालू आहे का ते बघावं. शेवटच्या सत्राचा प्रबंध प्रत्यक्ष नमुन्यांवर होतो की इंटरनेटवरून, उन्हाळ्यात मुलं कुठे काम करतात, विभागाकडे कुठल्या नदीच्या, तलावाच्या किती वर्षांच्या नोंदी आहेत, हे तिथल्याच दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये गाठून विचारावं; ती खरं सांगतात.