गिरकीवरून ओळख
(रेणूंचे रूप : लेखांक 7)

मागच्या लेखात क्ष-किरणांनी स्फटिकातला रेणू कसा दिसतो ते पाहिले. तिथे एक गोष्ट मी बाजूला ठेवली होती. स्फटिकातला रेणू कधीच एकटा नसतो. शेजारी चहूबाजूंनी खेटून उभे असतात आणि त्यांच्या ओढाताणीत त्याचे अंग वळते, वाकते. ग्लायसीनचेच घ्या. सर्वांत साधे अमिनो आम्ल, अवघे दहा अणू. स्फटिकात किंवा पाण्यात त्याच्या आम्लाच्या टोकावरचा प्रोटॉन नायट्रोजनकडे गेलेला असतो. एक टोक धन, दुसरे ऋण. रेणू एकटा सुटला की तो प्रोटॉन आपल्या जागी राहतो. मग कुणाच्याही दबावाखाली नसलेले, ग्लायसीनचे स्वतःचे रूप कोणते?

त्यासाठी रेणूला निर्वात पोकळीत मोकळे सोडावे लागते. मोकळा रेणू स्वतःभोवती फिरू लागतो. फुगडी घालणाऱ्या दोघी हात ताणून मागे रेलल्या की फेर संथ होतो, जवळ आल्या की वेग वाढतो; नुसत्या फेऱ्या मोजून त्या किती रेलल्या आहेत हे सांगता येईल. रेणूचेही तसेच, फक्त त्याला वाटेल त्या वेगाने फिरता येत नाही. त्याच्या गिरकीला ठरलेल्या पायऱ्या असतात. एका पायरीवरून दुसरीवर जायला लागणारी ऊर्जा मायक्रोवेव्ह लहरींत असते, आणि पायऱ्यांमधले अंतर रेणूचे वस्तुमान अक्षापासून किती दूर पसरले आहे त्यावर ठरते. तीन अक्ष, म्हणून तीन आकडे. त्या तीन आकड्यांत रेणूचा आकार साठवलेला असतो. (स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हशी याची गल्लत होते. तिथे पाण्याचे रेणू एकमेकांत अडकलेले असतात, सुटी गिरकी घेऊच शकत नाहीत. म्हणून तिथे रेषा उमटत नाहीत, नुसते अन्न तापते.)

ग्लायसीनच्या बाबतीत अडचण अशी की ते उकळत नाही. जास्त तापवले की जळते, मोडते. तरीही 1978 मध्ये दोन गटांनी जपून तापवून त्याची जेमतेम वाफ मिळवली आणि रेषा टिपल्या. ऑस्ट्रेलियात मोनॅश विद्यापीठात रोनाल्ड ब्राउन आणि सहकारी, अमेरिकेत नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रिचर्ड सुएनराम आणि फ्रँक लोव्हास. दोघांनाही तेच रूप सापडले: आम्लाच्या टोकाचा हायड्रोजन वळून नायट्रोजनकडे तोंड करून बसलेला.

पण गणित वेगळे सांगत होते. 1977 मध्ये सरस्वती विश्वेश्वरा आणि जॉन पोपल यांची ग्लायसीनवरची आकडेमोड प्रसिद्ध झाली होती. पोपल यांना पुढे नोबेल मिळाले. विश्वेश्वरा यांनी नंतर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत दीर्घकाळ प्रथिनांवर काम केले. त्या दोघांच्या हिशेबात सर्वांत कमी ऊर्जेचे रूप दुसरेच होते: अमिनो गटाचे दोन्ही हायड्रोजन समोरच्या ऑक्सिजनकडे झुकलेले. कमी ऊर्जेचे रूप संख्येने जास्त असायला हवे. मग ते दिसले का नाही?

आर्कान्सा विद्यापीठात लोथार शेफर यांच्या गटाने हा पेच उलगडला. मायक्रोवेव्ह लहर रेणूला पकडते ती त्याच्या विद्युतभाराच्या असमतोलाला, म्हणजे द्विध्रुवाला धरून. वळलेल्या रूपाचा द्विध्रुव दुसऱ्याच्या सुमारे पाचपट आहे, आणि रेषेचा जोर द्विध्रुवाच्या वर्गानुसार वाढतो. म्हणजे एकेका रेणूमागे साधारण पंचवीसपट. संख्येने कमी असलेले रूप मोठ्याने बोलत होते. ज्याची गर्दी होती ते कुजबुजत होते. रेषा कुठे शोधायच्या हे गणितातून ठरले आणि 1980 मध्ये सुएनराम व लोव्हास यांना त्या मिळाल्या. एका अक्षाचा आकडा वळलेल्या रूपासाठी सुमारे 4072 मेगाहर्ट्‌झ, कुजबुजणाऱ्यासाठी सुमारे 3876. रेषा मेगाहर्ट्‌झच्या शंभराव्या भागापर्यंत मोजता येत असताना हा फरक प्रचंड आहे. मला ही घटना फार मोलाची वाटते, कारण गणित आणि प्रयोग भांडत असताना कुणीही दुसऱ्याला खोटे ठरवले नाही. न दिसणे आणि नसणे यांतला फरक त्यांनी शोधून काढला.

पुढची पायरी तंत्राची. इलिनॉय विद्यापीठात टेरी बाले आणि विलिस फ्लायगेअर यांनी 1980 च्या सुमारास वायूची झोत-पद्धत बसवली. निऑन किंवा आर्गॉनचा झोत बारीक छिद्रातून निर्वातात सुटतो, पसरताना थंड होतो आणि सोबतच्या रेणूंनाही निरपेक्ष शून्याच्या काही अंश वर आणून ठेवतो. मग दोन आरशांमध्ये मायक्रोवेव्हचा एक क्षणिक ठोका. देवळातल्या घंटेवर टोल दिल्यावर ती जशी घुमत राहते, तसे रेणू नंतर स्वतःच लहरी सोडत राहतात, आणि उपकरण ते घुमणे ऐकते.

स्पेनमध्ये वायादोलिद इथे होसे लुईस अलोन्सो यांच्या गटाने याला लेझर जोडला. भुकटी दाबून कांडी बनवायची आणि तिच्यावर लेझरचा क्षणभराचा झटका द्यायचा. पदार्थ जळण्याआधीच त्याचे रेणू अखंड उडून झोतात मिसळतात. अशा प्रयोगांत सिस्टीन या अमिनो आम्लाची सहा रूपे वेगवेगळी ओळखता आली. ओळख पटवायला नायट्रोजन मदत करतो. त्याचे अणुकेंद्र पूर्ण गोल नसल्यामुळे भोवतालच्या विद्युतक्षेत्राला प्रतिसाद देते आणि एकेक रेषा बारीक रेषांत फुटते. त्या फुटण्यावरून कळते की नायट्रोजनचा हात कुणाच्या हातात आहे.

साखरांनीही आश्चर्याचा धक्का दिला. आरएनएमध्ये रायबोज पाच कोपऱ्यांच्या कड्याच्या रूपात असतो. 2012 मध्ये बिल्बाओच्या एमिलियो कोसिनेरो यांच्या गटाला एकटा सुटलेला रायबोज मिळाला तो सहा कोपऱ्यांचा.

या रेषांची वाट खगोलशास्त्रज्ञही पाहत होते. तारे जन्मतात त्या ढगांतले रेणू याच लहरींवर ओळखले जातात. ग्लायसीन मात्र तिथे अजून खात्रीने सापडलेले नाही. 2003 मधला एक दावा पुढे टिकला नाही. शोध अवघड आहे, कारण थंडीत जे रूप टिकून राहील ते नेमके कुजबुजणारे आहे. 67पी या धूमकेतूच्या वायूत 2016 मध्ये ग्लायसीन सापडल्याचे जाहीर झाले, पण रोझेटा यानावरच्या उपकरणाने तिथे रेणूंचे वस्तुमान मोजले होते, त्यांची गिरकी ऐकली नव्हती.