वर्गणीचे नूतनीकरण आणि वाढता दर

श्रोत्यांपैकी जे वयाने वडील आहेत त्यांना रेडिओचा परवाना आठवत असेल. वर्षातून एकदा टपाल कचेरीत जावे, ठरलेली रक्कम भरावी, की वर्षभर निश्चिंती. ऐंशीच्या दशकात तो परवाना गेला. आज घरोघर जी वर्गणी भरली जाते ती दूरचित्रवाणीची आणि ब्रॉडबँडची. परवान्याची रक्कम सरकार ठरवी व ती सर्वांना सारखी असे. या वर्गणीचा दर मात्र मुदत संपताच बहुधा वाढतो, आणि शेजाऱ्याला तीच सोय कितीला पडते हे आपणांस ठाऊक नसते.

ही वाढ मुकाट्याने स्वीकारावी काय? या बाबतीत चेन्नई शहराचा अनुभव विचार करण्याजोगा आहे. १ सप्टेंबर २००३ पासून देशातील चार महानगरांत एक नवी व्यवस्था सुरू व्हावयाची होती. विनामूल्य वाहिन्यांसाठी माफक मूळ दर असावा, आणि सशुल्क वाहिनी ज्याला हवी त्याने वेगळी पेटी बसवून तिचे वेगळे पैसे द्यावेत, अशी ती योजना. तिला सारे 'कॅस' म्हणत. मुंबई, दिल्ली व कोलकाता येथे ती लांबणीवर पडली; एकट्या चेन्नईत अमलात आली. पुढे जे घडले ते मौजेचे आहे. बहुसंख्य घरांनी पेटी घेतलीच नाही! ज्या वाहिन्यांवाचून आपले चालणार नाही असे समजले जात होते, त्यांच्यावाचून हजारो घरांचे व्यवस्थित चालले. ग्राहकाला निवड मिळाली, की गरज किती व सवय किती हे त्याचे त्यालाच कळते.

पुढे २०११ च्या सप्टेंबरात तमिळनाडू शासनाच्या अरसू केबल महामंडळाने महिना ७० रुपयांत सेवा देण्यास आरंभ केला. प्रथम इतर जिल्ह्यांत, नंतर चेन्नईतही. सर्व देशासाठीची दरव्यवस्था दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, २०१७ साली घोषित केली. तिला आव्हान दिले गेले तेही मद्रास उच्च न्यायालयातच. सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑक्टोबर २०१८ रोजी ती वैध ठरविली आणि २०१९ च्या फेब्रुवारीपासून ती लागू झाली. पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी जोडणीचे शुल्क जास्तीत जास्त १३० रुपये, म्हणजे १८ टक्के करासह १५३ रुपये ४० पैसे. त्यावर निवडलेल्या सशुल्क वाहिन्यांची किंमत. २०२४ च्या जुलैत मात्र जोडणीशुल्कावरील ही कमाल मर्यादा ट्रायने काढून टाकली. ब्रॉडबँडच्या दरावर तर अशी मर्यादा मुळातच नाही. कंपनीने दर ठरवावा व जाहीर करावा, एवढेच बंधन. तेव्हा 'सरकारी दर याहून कमी आहे' असा वाद घालण्यात आज फारसा अर्थ उरलेला नाही.

मग ग्राहकाच्या हाती काय उरते? माझ्या मते, देयकाची फोड करणे. चेन्नईत राहणाऱ्या मराठी कुटुंबाचे उदाहरण घ्या. घरातील वृद्धांना दोन मराठी वाहिन्या हव्या असतात. त्या परमुलखात त्यांच्या कानांवर पडणारी मायबोली बहुधा तेवढीच. स्थानिक संचांत त्या सहसा नसतात, म्हणून सर्व भाषांचा मोठा संच गळ्यात पडतो, आणि वाढ होते ती त्या संचावर. वस्तुतः प्रत्येक सशुल्क वाहिनी सुटी घेण्याचा अधिकार ग्राहकाला आहे, आणि जी वाहिनी संचात घालावयाची तिची सुटी किंमत १९ रुपयांहून अधिक ठेवता येत नाही. दोन सुट्या वाहिन्या आणि सह्याद्रीसारखी दूरदर्शनची विनामूल्य वाहिनी एवढ्यावर वृद्धांची हौस भागते का, हे संच नूतन करण्यापूर्वी त्यांनाच विचारावे. घरचे तरुण बहुधा तो संच उघडूनही पाहत नाहीत!

ब्रॉडबँड व दूरचित्रवाणी एकत्र देणाऱ्या करारात ही फोड अधिकच आवश्यक. दोहोंची किंमत वेगवेगळी लिहून मागावी. पहिल्या वर्षाची सवलत संपली म्हणून आकडा वाढला, की मूळ दरच वाढला, हे त्यावरून उमगते. सवलत संपली असेल तर नव्या ग्राहकाला आज काय दर देता, असे विचारावे, आणि दुसऱ्या कंपनीचा दर हाताशी ठेवावा. हे बोलणे मुदत संपण्यापूर्वी दोन-तीन आठवडे व्हावे. शेवटच्या दिवशी जोडणी तुटण्याची धास्ती आपल्यालाच असते, कंपनीला नसते. वर्षाचे पैसे एकदम भरल्यास दर उतरतो खरा, पण मध्येच बदली झाली तर उरलेली रक्कम परत मिळते काय, हे आधी विचारून घ्यावे. बदलीच्या नोकरीतील माणसांनी तर विशेषच.

कार्डावरून पैसे आपोआप वळते करण्याची सोय दिलेली असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किमान चोवीस तास आधी सूचना यावी लागते. ती न वाचता पुसू नये. तक्रार केल्यास तिचा क्रमांक टिपून ठेवावा. ब्रॉडबँडच्या बाबतीत समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते, आणि राष्ट्रीय ग्राहक साहाय्य सेवेचा क्रमांक १९१५ आहे. सेवा सोडावयाचे ठरलेच, तर पेटी व राउटर परत केल्याची पोच घ्यावी आणि अनामत रक्कम खात्यात जमा होईपर्यंत ती जपून ठेवावी.